दाजींचा डावा हात

जगात दोनच जाती आहेत, डावी आणि उजवी, असं मनापासून मानणारा माणूस सबंध जळगावात एकच होता आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजी कॉलेजात सेंद्रिय रसायन शिकवत. साठच्या दशकात आमच्याकडे रेणूंचे विकतचे नमुने कुठले मिळायला! दाजी बटाट्याचा कार्बन करत, त्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या खोचून टोकांना लिंबू, मिरची, लसूण आणि बोर लावत. मग शेजारी तसाच दुसरा, पण आरशात दिसेल तसा. "आता हा त्याच्यावर तंतोतंत बसवून दाखवा!" चारही टोकांना तेच जिन्नस, तरी कुणाला जमत नसे. अक्काला मात्र हा फरक कधीच दिसला नाही. संध्याकाळी दोन्ही रेणू एकाच कढईत जात.

भेटेल त्याच्यापुढे दाजी डावा हात करत. समोरचा बिचारा सवयीने उजवा देई, पकड काही जमेना, की हे खूश. "बसला नाही ना? झालं सिद्ध!" या प्रयोगापायी प्राचार्यही दुखावले होते. प्रयोग फसे तो फक्त लेकीपुढे. विजू जन्मजात डावखुरी, तिचा हात दाजींच्या हातात चपखल बसे.

पुढे विजूला बघायला चोपड्याची केळीवाली मंडळी आली. डाव्याचा उजवा होत नाही असं आयुष्यभर शिकवणारे दाजी त्या दिवशी माजघरात येऊन हळूच म्हणाले, "आज तेवढा चहा उजव्या हाताने दे, बाई."

विजूने दिला. थेंबही सांडला नाही. पाहुणे गेल्यावर दाजींनी कौतुकाने डावा हात पुढे केला. तिने उजवा दिला.

"आता हाच ना, बाबा?"

हात बसला नाही. दाजी चपला घालून तडक एसटी स्टँडकडे निघाले, मागोमाग मी. चोपड्याची गाडी सुटतच होती. खिडकीपाशी धापा टाकत ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "आबा, मी लपवलं. पोरगी डावखुरी आहे. तिला मी आता बदलायला सांगणार नाही."

आबा हसले. "ते तं आम्ही तव्हयच देखं, मास्तर. कप उजवा हातमा व्हता, पन पदर डावाच हात सावरे. पोर पसंत शे."

घरी येऊन दाजींनी पुन्हा डावा हात पुढे केला. विजूने थोडं ताटकळत ठेवलं, मग डावा दिला.

तिच्या लग्नानंतर दाजी सगळ्यांशी उजवा हात मिळवू लागले. लोकांना वाटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं. डावा ते फक्त विजू माहेरी आली की पुढे करत.