मिस्त्रींच्या हातचे नव्हे

मोरिवलीच्या मिस्त्रींइतका सौदा नासवणारा माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत झाला नाही. मी हातगाडीवर कंगवे विकत वर आलो, सिंधी व्यापाऱ्यांच्या बाजारात वाद्यांचं दुकान टाकलं, भाव पाडण्यात कुणाला हार गेलो नाही. पण या माणसाशी घासाघीसच करता यायची नाही, कारण त्याला मुळात विकायचंच नसायचं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते ओतकामाचे लाकडी साचे करायचे आणि घरी वर्षाला दोन मेंडोलिन. त्यांचं लाकूड चार-चार वर्षं माळ्यावर वाळायचं. मधूनच एखादी फळी काढून बोटाने ठोकायची, कान लावायचा आणि "अजून ओलं बोलतंय" म्हणून परत वर. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची नखं बघायचे. ऑर्केस्ट्रांचे दिवस होते. एक वादक तिप्पट पैसे घेऊन आला, त्याला "नखं कापून या" म्हणून परत पाठवलं. तो कापून येईपर्यंत यांनी मेंडोलिन बदलापूरच्या एका भजनी मास्तरांना अर्ध्या किमतीत देऊन टाकलं होतं. त्यात माझा एक पैसा नव्हता, तरी त्या रात्री मी बुडालेल्या रकमेचा हिशेब करत बसलो.

शेवटी त्यांच्याच नमुन्याची स्वस्त मेंडोलिन माझ्या शेडमध्ये बनवायची परवानगी मागितली. जाताना तासभर भांडायची तयारी करून गेलो होतो.

"करा की, शेठ," ते म्हणाले.

"त्याबद्दल काय घ्याल?"

"चहा."

असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. अट एकच. दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ते येऊन प्रत्येक मेंडोलिनच्या पोटात स्वतः चिठ्ठी चिकटवणार. त्यासाठी दुपारभर कोपऱ्यात पाठ करून बसायचे. जवळ गेलो की, "तुम्ही गिऱ्हाईक बघा, शेठ." चिठ्ठीवर वळणदार अक्षरात असायचं : 'मिस्त्रींच्या परवानगीने. मिस्त्रींच्या हातचे नव्हे.'

गिऱ्हाईक भोकातून वाकून वाचायचं. "साईं, इसमें तो लिखा है उन्होंने बनाया ही नहीं! दाम कम करो." मी मिस्त्रींवर सगळा बाजार ऐकेल एवढा ओरडायचो.

"खोटं लिहिलंय का?" ते विचारायचे. "माझं घुमतं, शेठ. तुमचं नुसतं वाजतं."

माझंही घुमतं हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं मनाने घेतलं. दोन वर्षांनी पैज लावली. मिस्त्री चुकले तर चिठ्ठीवरची 'हातचे नव्हे' ही ओळ कायमची बंद. भजनी मास्तरांच्या घरी चादरीचा पडदा बांधला. मास्तरांनी मागे बसून आधी स्वतःचं, म्हणजे मिस्त्रींनी केलेलं मेंडोलिन वाजवलं, मग मी दुकानातून उचलून नेलेलं. मिस्त्रींनी दोन्ही डोळे मिटून ऐकली.

"दुसरं माझ्या हातचं," म्हणाले.

मी चादर ओढूनच काढली. परतताना बाजारात पेढे वाटले. मिस्त्रींनीही एक खाल्ला. "हरलो बुवा." पुढच्या शुक्रवारपासून चिठ्ठीवर फक्त त्यांचं नाव. कोपऱ्यातली बैठक मात्र तशीच.

मिस्त्री निवृत्त झाले, कोकणात गावी गेले आणि तिथेच वारले. पैजेतलं मेंडोलिन मी विकलं नव्हतं. एका उन्हाळ्यात त्याची पाठ उकलली म्हणून उघडलं. आत आधाराला लाकडी पट्ट्या असतात. माझे कारागीर त्या जाडजूडच ठोकून द्यायचे. इथे त्या कडेला निमुळत्या तासलेल्या होत्या, भोकातून वाकड्या पात्याची सुरी घालून, अगदी हलक्या हाताने. दुकानात त्यांच्या वेळची तीन शिल्लक होती, तीही फोडली. सगळीकडे तेच. म्हणजे दुसरंही खरंच त्यांच्या हातचं होतं, पैज ते हरलेच नव्हते, आणि मला पेढे वाटू दिले. भयंकर चिडलो, पण ओरडायचं कुणावर?

हल्ली कीबोर्डपुढे मेंडोलिनला कोण विचारतो! तरी वर्षाकाठी चार-पाच बनवतो. चिठ्ठी मीच लिहितो, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात : 'मिस्त्रींच्या परवानगीने. मिस्त्रींच्या हातचे नव्हे.' गिऱ्हाईक वाकून वाचतं आणि भाव पाडून मागतं. तेवढ्यापुरता मी वाद घालत नाही.