लालासाहेबाचा दहावा

वाकळ अर्धीच धुऊन झाली होती. एक बाजू साबण लावून, धोपटून दगडावर पडली होती. दुसऱ्या बाजूला अजून नवऱ्याच्या, लालासाहेबाच्या अंगाचा आणि आजारपणाचा वास होता, आणि तिकडं हात घालायचा सुवार्ताला धीर होत नव्हता. कोरेगावातल्या दोन खोल्यांच्या घरामागं ती तशीच ओल्या हातांनी उकिडवी बसली होती, तेवढ्यात दारात धाकट्या दिराची मोटारसायकल थांबली.

नानासो आत आला नाही. पलटणीतून पेन्शनीत आल्यावर भावानं बायकोचा ख्रिस्ती धर्म घेतला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या घराचं पाणी त्याला चालत नव्हतं.

"वैनी, चला नदीवर. कावळा शिवंना."

"मग? मी कावळा आहे का?"

"जीभ आवरा. आज दादाचा दहावा हाय. सकाळधरनं भाताचं गोळं मांडून बसलोय. चिंचंवर ढिगानं कावळं हायती, एक खाली उतरंना. हॉस्टेलात ऱ्हानाऱ्या तुमच्या पोरीचं, अंकिताचं लगीन करू म्हनलं, वाटणी दिऊ म्हनलं, तरी न्हाई. भटजी म्हनत्यात दर्भाचा कावळा करून शिववू, पर आई ऐकंना. खरा शिवल्याबिगार पानी घेनार न्हाई म्हनती. साखरंच्या दुखन्याची बाई, कालधरनं उपाशी हाय."

"मी येऊन काय करायचं?"

"चार मानसांत हात जोडून म्हनायचं, तुमास्नी मातीत घातलं ते माझं चुकलं. त्येचा जीव तितंच आडाकलाय."

"ते मी म्हणणार नाही. माती त्यांनीच मागितली होती. तुमच्यासमोर."

"मागितली न्हवती. तुमी पढवली हुती."

सुवार्तानं हात झटकले. दहा दिवस ती दोन्हीकडून ऐकत होती. गावकीची माणसं म्हणायची, हिनं बाटवला आणि पुरला. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, तो प्रभूजवळ सुखात आहे, रडून विश्वासाची साक्ष बिघडवू नका. त्या बायकांना तिनं एक दिवस सरळ सांगितलं होतं, "सुखात ते आहेत, मी नाही. आता निघा." पहाटे गुडघे टेकून ती देवाशीच भांडायची. मेलेल्यांना उठवणारा म्हणून तुझा एवढा गाजावाजा, आणि माझ्याच दारात हात आखडले होय रे तुझे? असं मन भरेपर्यंत बोलायची, आमेन म्हणायची आणि चहाला आधण ठेवायची. लालासाहेब शेवटच्या दिवशी उठेल यावर तिचा विश्वास होता. पण तोवर रोज रात्री एकच भाकरी थापायची, हे तिला सोसत नव्हतं.

नानासोनं गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "आईला त्येचं तोंडबी दावलं न्हाई तुमी."

हे मात्र खरं होतं. लालासाहेब साताऱ्याच्या दवाखान्यात वारला, तेव्हा तिनं पहिला फोन पाळकसाहेबांना केला होता. गावाला कळवलं ते पेटीला खिळे ठोकून झाल्यावर. सासू, बनुबाई, दफनभूमीच्या फाटकापाशी पोचली, तोवर वर माती सारखी झाली होती.

"थांबा," सुवार्ता म्हणाली, आणि पदराला हात पुसत मागं बसली. नानासोनं गाडी सासरच्या गावाकडं घातली.

नदीवर तीस-चाळीस माणूस होतं. कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "आली बगा, माती टाकनारी." भटजींनी तिला भाताच्या गोळ्यांकडं यायची खूण केली. ती तिकडं वळली नाही. वाळूतून सरळ चालत, दगडावर बसलेल्या सासूपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्ती, त्यांना मातीत दिलं ते चुकलं नाही. पण तुम्हाला तोंड न दाखवता दिलं, ते पाप माझं. विसरून झालं नाही, मुद्दाम केलं. तुम्ही आधी आलात तर ही माणसं त्यांना उचलून नेतील, अशी भीती होती मला."

"घ्या!" नानासो ओरडला. "कबूल केलं बगा!"

बनुबाईनं हातातली काठी उचलली आणि सुनेच्या नडगीवर हाणली. लटकी नाही, चांगली जोरात. सुवार्ता जागची हलली नाही.

"मला ठावं हुतं," म्हातारी म्हणाली. "जल्माला मी घातला आन् खिळं तू मारलंस."

"व्हय."

"त्या कावळ्यांला कशाला बोल लावतायसा रं? मीच मनात म्हनत हुते, शिवू नगा. ही हितं यिऊन माझ्या तोंडावर खरं बोलल्याबिगार शिवू नगा."

नानासो चिंचेवरच्या कावळ्यांकडं बघू लागला.

"माफी मागायची माझी लायकी नाही," सुवार्ता म्हणाली.

"मागितलीस तरी देनार न्हाई." बनुबाईनं काठी खाली टेकली. "वळखायला काय खून हाय का तितं?"

"लाकडाचा क्रूस आहे. नाव लिहिलंय."

"मला वाचाय येतंय व्हय?"

"मी दाखवते."

"दावशीलच. दुसरं कोन दावनार! उद्याच जाऊ."

सुवार्तानं पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हातारीनं तो कोपरानं सारला आणि नानासोच्या बायकोच्या हातचं पाणी प्यायली. मग भटजींना म्हणाली, "करा तुमचा दर्भाचा कावळा, लोकं उपाशी हायती."

सुवार्ता निघाली, तशी मागून हाक आली.

"मी शिवल्याली वाकळ त्येच्यासंगं घातलीस का?"

"नाही. घरी आहे. अर्धी धुतलीय."

"ऱ्हायल्याली भिजवू नगंस. हात लावशील तर बग."

घरी येऊन सुवार्तानं वाकळ दोरीवर टाकली, धुतलेली बाजू उन्हात आणि न धुतलेली पागोळीखाली, कोरडी. नडगीवर वळ उठला होता. त्यावर तिनं हळद लावली.

सकाळी सातच्या एसटीनं बनुबाईला साताऱ्याच्या दफनभूमीत न्यायचं होतं.