चिबड जमिनीतली रक्षा

नकाशावर त्या जागी निळी रेघ आहे. मध्य वेल्समध्ये, डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर, दोन सोंडांच्या मधून ती खाली येते आणि पुढे एका नदीला मिळते. ती रेघ दाखवूनच मी सासऱ्यांचा अर्धा होकार मिळवला होता. प्रत्यक्षात रेघेच्या वरच्या टोकाला ओहळ नाही. तिथे एक उथळ, थंड ओघळ आहे. लव्हाळ्यांनी आणि ओल्या शेवाळाने ती भरलेली आहे. पाणी बारा महिने असतं, पण ते कुठे जात नाही.

माझा नवरा मृदाशास्त्रज्ञ होता. घर इंग्लंडमध्ये रीडिंगला, काम वेल्सच्या डोंगरात. मेंढ्यांना बरं गवत मिळावं म्हणून पूर्वी या उतारांवर चर खणले गेले. पाण्याचा निचरा झाला, पण त्याबरोबर वरचा काळा थर वाळला. अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा हा थर, इथे त्याला पीट म्हणतात. तो भेगाळला आणि पावसाबरोबर खाली जाऊ लागला. ते चर बुजवायचे, पाणी पुन्हा जमिनीत थांबवायचं, हे त्याचं काम होतं.

सासरे सांगलीचे. पाटबंधारे खात्यात अभियंता होते आणि त्यांची बहुतेक नोकरी उसाच्या चिबड जमिनींत गेली. जास्त पाणी पाजलं की जमीन चिबडते, मीठ वर येतं, ऊस पिवळा पडतो. मग चर खणून ते पाणी बाहेर काढून द्यावं लागतं. मुलगा लहानपणी सुट्टीत त्यांच्या मागे जीपमधून हिंडायचा. मातीचा नाद त्याला तिथेच लागला. त्याचा शेवट चर बुजवण्यात व्हावा, याचं सासऱ्यांना हसू यायचं आणि थोडा रागही.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हाच विषय निघे.

“म्हणजे चर बुजवायचा पगार देतात तुला?” सासरे म्हणायचे. “आमच्याकडं असलं काही केलंस तर शेतकरी तुलाच चरात घालतील.”

“तुमच्या चरातून मीठ जातं, बाबा. आमच्या चरातून डोंगर चाललाय.”

“जाऊ दे की. तुमच्याकडं दुसरं आहे काय डोंगराशिवाय?”

“एकदा येऊन बघा तरी.”

“येतो, येतो. गुडघा जरा बरा होऊ दे.”

पानगळीच्या दिवसांत त्याच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं. हिवाळा संपायच्या आत तो गेला. सासऱ्यांचा व्हिसा वेळेत आला नाही. अंत्यविधी त्यांनी सांगलीत मोबाइलवर पाहिला. मध्ये आवाज गेला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. आम्ही इथे बसलेल्यांना ते कळलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये असताना तो मला म्हणाला होता, “मला त्या वरच्या ओघळीत ठेव. तिथलं काम चांगलं झालंय.” हे मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “तिथं वाहतं पाणी आहे का?” मी नकाशाचा फोटो पाठवला. त्यांनी ठरवलं ते असं: आधी जागा बघायची. पाणी वाहतं असेल तर तिथे. नसेल तर रक्षा ते सांगलीला नेणार आणि हरिपूरच्या संगमावर सोडणार. मी कबूल झाले. तो इथे राहणार की जाणार, हे एवढ्यावर होतं. माझ्याजवळ त्याचं दुसरं काही राहिलं नव्हतं.

ते मे महिन्यात आले. डबा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

“यात अस्थी कुठायत?”

इथे हाडं दळून देतात, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी झाकण लावलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

आम्ही एमफोर मोटरवेने निघालो. सेव्हर्न नदीचा पूल ओलांडल्यावर पाऊस सुरू झाला आणि मग थांबला नाही. ज्या शेतकऱ्याची जमीन होती त्याची परवानगी मी काढली होती. त्याने कोणत्या फाटकातून जायचं ते सांगितलं आणि स्वतः आला नाही. सासऱ्यांनी मुलाचे रबरी वेलिंग्टन बूट घातले. ते मोठे होत होते, म्हणून आत लोकरीचे दोन मोजे. डबा पिशवीत, पिशवी त्यांच्या खांद्यावर. मी घेते म्हटलं, तर “राहू दे” एवढंच म्हणाले.

चढ फार नव्हता, पण पाय रुतत होते. ओघळीच्या तोंडाशी ते थांबले. पाण्याकडे पाहिलं. एक काडी उचलून पाण्यावर टाकली आणि वाट पाहिली. काडी पडली तिथेच राहिली. मग त्यांनी बाही वर केली, हात कोपरापर्यंत खाली घातला आणि मूठभर माती वर काढली. वरची काळी होती, बोटांच्या मधली निळसर करडी. तिला सडक्या अंड्यासारखा वास होता. मुळं गेली होती तिथे तेवढ्या तांबूस रेघा.

“ही तर चिबड आहे पोरी,” ते म्हणाले.

ठरल्याप्रमाणे आता आम्ही परत फिरायला हवं होतं.

ते फिरले नाहीत. ओघळीच्या कडेने खाली चालू लागले. थोड्या अंतरावर जुना चर होता आणि चरावर आडवा बांध. पीटची मोठी ढेकळं गवतासकट कापून, एकावर एक दाबून बसवलेली. वरून शेवाळ धरलं होतं, त्यामुळे माझ्या ते लक्षातही आलं नसतं. सासऱ्यांनी बांधावरून हात फिरवला, दोन्ही टोकं पाहिली, पलीकडे उतरून पायथा पाहिला.

“हे त्याचं?”

“हो.”

“कडेनं कुठंच पाणी सुटलं नाही.” ते पुन्हा एका टोकाशी गेले. “बांधाचे खांदे दोन्ही काठांच्या आत घेतलेत. हे मी शिकवलं होतं त्याला. मातीचा बांध कडेनं फुटतो, मधून नाही.” मग म्हणाले, “चांगलं केलंय.”

चांगलं केलंय, असं त्यांनी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

ते बांधाजवळ बसले. पाऊस बारीक झाला होता. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. थोड्या वेळाने म्हणाले, “हरिपूरला त्याचं काय आहे? लहानपणी पोहायला गेला असेल, तेवढंच. धर पिशवी, काढ डबा.”

त्यांनी स्वतःच रक्षा सोडली, बांधाच्या वरच्या अंगाला, दोन्ही हातांनी. जड भाग खाली बसला. बारीक पूड पाण्यावर पसरली आणि करड्या सायीसारखी थांबली. त्यांनी हात जोडले. डोळे उघडले तेव्हा साय तिथेच होती. त्यांनी पाण्यावर फुंकर मारली. ती हातभर सरकली आणि पुन्हा परत आली.

“जा ना,” ते म्हणाले. “जा रे बाळा.”

आणि मग ते गुडघ्यांवर आले. बांधाच्या मधोमध बोटं घातली आणि पीट उकरू लागले. मी “बाबा” म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकूनही ते थांबले नाहीत. हाताच्या रुंदीची एक खाच पडली. पाणी तिच्यात आलं, क्षणभर अडलं आणि पलीकडे उतरलं. साय हलली. तिची एक बाजू लांबली, खाचेकडे ओढली गेली आणि करड्या दोरीसारखी खाली जाऊ लागली. सासरे तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा समाधान दिसलं.

ते फार टिकलं नाही. खाचेतून जाणारं पाणी आधी स्वच्छ होतं, मग चहासारखं झालं, मग काळं. खाचेची एक कड ढासळली. हे काय आहे ते मला कळायच्या आधी त्यांना कळलं. असं पाणी त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

“हे कापत जाणार,” ते म्हणाले. “उद्यापर्यंत बांध राहणार नाही.”

मी काय करायचं असं विचारलं. रक्षा अजून वरच्या अंगाला बरीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खाचेकडे पाहिलं. मग बाजूची ढेकळं गोळा केली, खाचेत कोंबली, वर उभे राहिले आणि टाचांनी दाबली. पाणी झिरपत होतं. मी शेवाळ उपटून आणून दिलं, ते त्यांनी भेगांत भरलं. कितीतरी वेळ ते एकाच जागी पाय आपटत होते. रडत होते, पण दाबण्याचं काम नीट, कडेपासून मध्यापर्यंत, चाललं होतं. शेवटी पलीकडची धार तुटली.

साय पुन्हा स्थिर झाली.

परतताना मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला, चहापाण्याच्या थांब्यावर, आम्ही थांबलो. मी चहा आणला. त्यांच्या नखांत काळं तसंच होतं. त्यांनी कपाला हात लावला नाही. तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा, आत्यांचा, सांगलीहून फोन आला. फोन स्पीकरवर होता.

“झालं का रे सगळं नीट?”

“झालं.”

“कुठं सोडलीस?”

“इथल्या नदीत.”

“वाहती आहे ना? नाहीतर जीव अडकून राहतो, गुरुजी म्हणत होते.”

सासऱ्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

“हो आत्या,” मी म्हटलं. “चांगली वाहती आहे.”