रविवारची पोर

"आज रविवार नाही ना, बाळा?" असं म्हणत काकूंनी माझ्या पोरीच्या पुढचं ताट उचललं. हसत उचललं. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. ताटात आमटीभात होता. सान्वीने पहिला घास कालवला होता, तो हातातच राहिला.

मंगळवार होता तो. शाळा सुटल्यावर ती थेट माझ्याकडे आली. पंगत बसलेली दिसली, तशी रविवारी बसते त्याच जागी जाऊन बसली. सात वर्षांची पोर. तिला काय ठाऊक, इथे जागा वार बघून मिळते.

मी तिथली स्वयंपाकीण, वाढत होते. काकूंनी ताट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मावशी, हिला मागच्या पडवीत बसवा." माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी बाई मला मावशी म्हणते. आणि मी? गपचूप ताट घेऊन मागे गेले. त्यांनी केलं त्याचा राग येतो. मी केलं त्याची लाज वाटते, अजून.

मालगुंडच्या अलीकडे कातळावर काकूंची आणि त्यांच्या सोबत्यांची बारा घरं. पुण्यामुंबईची निवृत्त माणसं एकत्र येऊन राहिलेली. घरं वेगळी, स्वयंपाकघर एक. फाटकावर पाटी, 'एक चूल, एक पंगत'. चूल मीच सांभाळायची, पंगत त्यांची. स्वतःची मुलं परदेशात. नुसती म्हातारी माणसंच राहिली तर याचा वृद्धाश्रम होईल, ही त्यांना धास्ती. म्हणून लेकुरवाळी कुटुंबं हवी होती. दर रविवारी कोण ना कोण घर बघायला यायचं. पण जिथे एक पोर दिसत नाही तिथे कुठली आई घर घेईल? तेव्हा काकू म्हणाल्या, रविवारी तुमच्या मुलीला आणत जा, जरा किलबिल वाटेल. तिला एक फ्रॉक घेतला. तो इस्त्री होऊन त्यांच्याच कपाटात राहायचा.

मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पोर पंगतीत बसून श्रीखंड खाते, हे मी वाडीभर सांगत सुटले होते. फ्रॉक घरी का येत नाही, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

त्या मंगळवारी घरी जाताना सान्वीने विचारलं, "आये, मग रविवारी कसं चालतं?" उत्तर मला ठाऊक होतं. मी तिचं दप्तर माझ्या खांद्याला लावलं.

पुढच्या रविवारी एक जोडपं आलं, दोन मुलं घेऊन. पंगत बसली; सान्वीलाही फ्रॉक घालून मी बसवलं होतं. त्या बाईने सान्वीला विचारलं, तुझं घर यातलं कुठलं गं? पोर माझ्याकडे बघायला लागली. काकू पटकन मध्ये पडल्या, "आमचीच आहे ती."

माझं डोकं फिरलं. भाताची परात खाली ठेवली.

"तुमची नाही, माझी आहे," मी म्हटलं. मग त्या बाईकडे वळले. "मी इथे स्वयंपाकाला आहे. तुम्ही येता म्हणून हिला रविवारी पंगतीत बसवतात. मंगळवारी हिच्या पुढचं ताट उचललं. इथे एकही मूल राहत नाही."

मी पोरीला शाळेचे कपडे घातले, फ्रॉक ओट्यावर ठेवला. काकू मागे आल्या. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. म्हणाल्या, आम्ही तिला किती प्रेम दिलं. मी विचारलं, मग सोमवार ते शनिवार हे प्रेम कुठे जायचं? त्यावर त्या आत गेल्या.

काम गेलं. आता काजूच्या कारखान्यात जाते. चिकाने बोटं काळी पडतात.

गेल्या आठवड्यात कळलं, त्या लोकांनी पलीकडच्या वाडीत रविवारच्या पंगतीसाठी पोरं मागितली आहेत. मी गेले. दारोदार गेले. म्हटलं, एवढंच विचारा, रोज पंगतीत ताट देणार का? नाही म्हणाले तर पोर पाठवू नका. एक बाई म्हणाली, "पोरांना तेवढंच गोडधोड मिळतं गो, तुझं काय जातं?" मी म्हटलं, माझं गेलंय, म्हणून सांगते. तुम्ही पोरं पाठवलीत, तर मी त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगेन, ही पोरं इथली नाहीत, तुमच्यासाठी आणून बसवलीत.

आणि राहणार आहे उभी. कारखान्याला रविवारी सुट्टी असते.