कपाटांवरची दीड फूट जागा

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघरातली वरची कपाटं छतापर्यंत गेलेली नाहीत. मध्ये दीड फूट जागा मोकळी आहे. फर्निचरवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, "मॅडम, वरती प्लाय मारून बंद करून टाका. फोडणीचा धूर बसून बसून सगळं चिकट होतं. पुसायला कोण चढणार?" मी म्हटलं, मी चढेन. तेव्हा मी चाळिशीत होते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. दिवसभर खोकी, चलनं आणि ड्रायव्हरांचे फोन. घरात मला एक तरी अशी जागा हवी होती, जिचा काही उपयोग नाही.

ती जागा मी हळूहळू सजवत गेले. ठाण्यातल्या एका प्रदर्शनातून झाकणाच्या दोन चिनी मातीच्या बरण्या आणल्या. शीळफाट्याजवळ रस्त्याच्या कडेला मातीची भांडी मांडून बसलेल्या बाईकडून लांब मानेची सुरई घेतली आणि रिक्षात घरापर्यंत मांडीवर धरून आणली. सासूबाईंची तांब्याची घागर माळ्यावर काळी पडली होती, ती चिंच लावून घासली. वेताच्या दोन टोपल्या, एक निळी काचेची बाटली, कोपऱ्यातून सोडलेली खोटी वेल आणि तिच्यामागे पिवळ्या दिव्यांची माळ. पाडव्याआधी आणि दिवाळीआधी सगळं खाली उतरवायचं, गरम पाण्यात सोडा घालून पुसायचं आणि परत मांडताना थोड्या जागा बदलायच्या. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कुकर लावला की मी ट्यूबलाइट बंद करून ती माळ लावायचे. तीन शिट्ट्या होईपर्यंत तेवढ्याच उजेडात ओट्याला टेकून उभी राहायचे. नवरा बाहेरून विचारायचा, "झालं का गं दर्शन?"

दोन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली.

त्याआधी ती कोपरीला माझ्या भावाकडे होती. तीच आमची जुनी जागा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाऊ आणि वहिनी दोघं नोकरीला. एका दुपारी आई दार उघडं टाकून खाली उतरली आणि दोन तासांनी स्टेशनाबाहेर फुलवाल्यांच्या रांगेत उभी सापडली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. भावाचा फोन आला. "ताई, मला आता जमत नाही गं. तुझ्याकडे लिफ्ट आहे." त्याच्या आवाजावरून कळत होतं की हे वाक्य त्याने बरेच दिवस मनात घोळवलं असणार. मला त्याचा राग आला नाही. दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला.

आईला आंघोळ घालायची, वेणी घालायची, तिची कवळी शोधायची. ती दिवसातून वीस वेळा विचारायची, "मी घरी कधी जाणार?" आणि वीस वेळा उत्तर द्यायचं. याचा थकवा अंगमेहनतीच्या थकव्यासारखा नसतो. झोपून तो जात नाही.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. मी तिच्यापुढे चहा ठेवला. ती कप हातात घेईना.

"आई, पी ना. गार होतोय."

ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "वर बसलेत त्यांना दिलास का?"

मी वर पाहिलं. "कोण बसलंय?"

"हळू बोल. ऐकतील." तिने नजरेनेच कपाटांवर दाखवलं.

मला आधी हसू आलं. लांब मानेची सुरई म्हणजे एक उंच बाई होती. घागर म्हणजे कोणी स्थूल गृहस्थ. दोन बरण्या म्हणजे दोन मुली. "किती शहाण्या आहेत, हलत नाहीत," असं आई कौतुकाने म्हणाली. संध्याकाळी मी नवऱ्याला ते सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी मी तिचं समाधान म्हणून वर बघून म्हटलं, "चहा घेणार का?" आणि आईला सांगितलं, "नको म्हणाले." तिने चहा प्यायला. मला वाटलं, निभेल असं.

पण चहाचं निभलं तरी जेवणाचं निभेना. मी ताट वाढलं की ती हात मांडीवर घेऊन बसायची. "त्यांच्या देखत कशी जेवू? बरं दिसतं का?" कोपरीच्या घरात वर्षानुवर्षं कोणी ना कोणी असायचं. गावाहून कामासाठी आलेलं, परीक्षेला आलेलं, दवाखान्यात दाखवायला आलेलं. दोन खोल्यांत आई सगळ्यांना वाढायची आणि शेवटी ओट्याशी उभ्यानेच स्वतः चार घास खायची. बाकीचं बरंच तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं, हे मात्र राहिलं होतं.

मी तिला हॉलमध्ये जेवायला बसवलं, तर ती ताट तसंच ठेवून उठून स्वयंपाकघरात बघून यायची. मी वरच्यांसाठी दोन ताटल्या वाढून टेबलावर ठेवल्या, तर म्हणाली, "ते खाली कसे उतरतील? शिडी दे." दोन-तीन आठवड्यांत तिचे ब्लाउज खांद्यांवरून घसरायला लागले. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ते सगळं काढून टाक ना," नवरा म्हणाला.

"काढायला काय झालंय? पण का काढू?" माझा आवाज चढला. "नोकरी सोडली. बाहेर जाणं सोडलं. आता हेही काढू?"

त्याने आईचं न जेवलेलं ताट उचलून झाकून ठेवलं.

मग एका दुपारी मी भेंडीची भाजी केली होती, आईच्या आवडीची, चिंचगुळाची. तिने घास हातात घेतला आणि वर पाहून परत ताटात ठेवला. माझा तोल गेला. स्टूल ओढून मी वर चढले आणि सुरईवर बोटांनी टकटक केलं. "ही सुरई आहे, आई! माती आहे! बघ! ही बरणी आहे, रिकामी बरणी! कोणी नाहीये इथे!" बरणीचं झाकण काढून मी तिला आतलं दाखवत होते. मी ओरडत होते हे मला समोरच्या इमारतीतल्या बाईने खिडकीत येऊन पाहिलं तेव्हा कळलं.

आई उभी राहिली होती. ती घाबरली नव्हती. तिला लाज वाटली होती.

"अगं, पाहुण्यांवर हात उगारतेस?" ती म्हणाली. "असं शिकवलंय का तुला?" मग वर बघून तिने हात जोडले. "माफ करा हो. मुलगी दमलीय माझी."

मी स्टुलावर तशीच बसले. पन्नाशीच्या बाईने स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडावं, पण रडू आलं नाही. फक्त कंटाळा आला, सगळ्याचा, माझ्या स्वतःच्या आवाजाचासुद्धा.

पुढच्या रविवारी नवऱ्याने आईला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं आणि स्टूल धरायला आला. मी एकेक वस्तू खाली दिली. तो वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत गेला. वेल ओढली तेव्हा तिच्या पानांवरून तेलकट धूळ माझ्या तोंडावर आली. कपाटांवर चिकट गोल डाग राहिले होते. ते पुसायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "राहू दे गं आज." मी राहू दिलं.

सोमवारी आई टेबलाशी येऊन बसली. बराच वेळ वर बघत होती. मी पोळी लाटता लाटता थांबले.

"गेली वाटतं सगळी," ती म्हणाली.

"हो."

"जेवून गेली का?"

"हो, जेवून गेली."

"काय केलं होतंस?"

"वरणभात, भेंडी. श्रीखंड आणलं होतं."

"आवडलं त्यांना?"

"फार आवडलं. नाव काढत होते."

तिचा चेहरा सैल झाला. तिने ताट पुढे ओढलं. "मग वाढ आता मला." ती तीन पोळ्या जेवली. आमच्याकडे आल्यापासून मी तिला इतकी जेवताना पाहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून नुसती बघत राहिले, पोळी तव्यावर करपली तरी.

खोकी काही महिने गॅलरीत पडून होती. मग ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीने कल्याणला नवीन फ्लॅट घेतला. तिने फोनवर विचारलं, "तुझ्या किचनवर होतं तसं मला करायचंय. कुठून आणलंस ते सगळं?" मी म्हटलं, "घेऊनच जा." ती गाडी घेऊन आली, तेव्हा सारखी म्हणत होती, "अगं, नक्की ना? परत मागशील." मी घागर तेवढी ठेवून घेतली, सासूबाईंची म्हणून. आठवड्याने तिने फोटो पाठवला. बरण्या तिने दोन टोकांना लांब लांब ठेवल्या होत्या आणि सुरई मधोमध. मी तशी कधीच ठेवली नसती. दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "छान दिसतंय."

आई हल्ली फारशी स्वयंपाकघरात येत नाही. पलंगावरच जेवते, भरवावं लागतं. भाऊ पंधरा दिवसांनी रविवारी येतो, तिला दाढीवर हात फिरवू देतो. ती त्याला ओळखते असं तो म्हणतो. मी वाद घालत नाही.

कपाटांवर आता तिच्या डायपरची पाकिटं असतात. महिन्याचं एकदम मागवलं की स्वस्त पडतं आणि घरात दुसरीकडे कुठे जागा नाही. निळ्या प्लास्टिकची आठ-दहा पाकिटं एकावर एक, छताला टेकतात. मी पाकीट काढायला स्टुलावर चढते, एक काढते आणि उतरते.