एका रजेत चार दिवसांचं जव्हार

सुट्ट्यांची यादी आली की मी पेन घेऊन बसते. एक रजा कुठे टाकली की किती दिवस जोडून मिळतात, हे शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. या वेळी ईद शुक्रवारी, पुढे शनिवार-रविवार. गुरुवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस. मी, ताई आणि आई, तिघींनी जव्हारला जायचं ठरवलं. बाबा गेल्यापासून आम्ही तिघी मिळून एकदाही कुठे गेलो नव्हतो. ताईच्या घरी सासूबाई आणि दोन मुलं. तिला चार दिवस मोकळं करायला मला सहा महिने लागले होते, त्यामुळे हे जमायलाच हवं होतं.

निघायच्या दोन दिवस आधी ताईचा फोन आला. "अगं, शनिवारी विसर्जन आहे म्हणून मुंबईतली ईदची सुट्टी सोमवारी केलीय! मला शुक्रवारी ऑफिस आहे. साहेब गुरुवारची रजाही देत नाहीयेत."

ताई राहते आमच्या जवळच, सिल्व्हर पार्कला, पण तिचं ऑफिस बांद्र्याला. मी आणि आई भाईंदरच्या जेसल पार्कला आणि माझं ऑफिसही भाईंदरलाच. भाईंदर ठाणे जिल्ह्यात, बांद्रा मुंबईत. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे सुट्टी शुक्रवारी, पलीकडे सोमवारी. तुमचंही घर नाक्याच्या दोन बाजूंना विभागलेलं असेल, तर बुकिंगआधी कोणाचं ऑफिस कुठली यादी पाळतं ते विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

मग ठरलं, आईला घेऊन मी गुरुवारी निघायचं आणि ताईने शनिवारी एसटीने यायचं.

गुरुवारी सकाळी सहाला गाडी काढली. एरवी तुंबलेला खाडीवरचा वर्सोवा पूल चक्क रिकामा मिळाला. हायवेने मनोर, तिथून उजवीकडे वळून विक्रमगड, पुढे जव्हार. चहाचा थांबा धरून साडेतीन तास लागले. शेवटच्या टप्प्यात खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंना हिरवंगार भात उभं असतं. आई मूळची भाईंदरच्याच गोडदेव गावची, मिठागर आणि भातशेतीच्या घरातली. "भात बरा हाय यांचा," एवढंच म्हणाली आणि मनोरपासून खिडकीबाहेर बघत राहिली.

उतरलो ते गावाबाहेरच्या एका घरात. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. खोली पंधराशे, जेवण वेगळं, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी गरम गरम ताटात पडते. मालकीण सुनीतावहिनी बोलायला मोकळ्या.

संध्याकाळी माझ्या मॅनेजरचा फोन. "मॅडम, हेड ऑफिस अंधेरी में है ना, तो अपनी छुट्टी भी मंडे को. कल ऑडिटवाले आ रहे हैं, आना पड़ेगा."

रजा शिल्लक असती तर भांडले असते. पण मी वर्षभरात एकेक रजा इतकी चोख वापरली होती की हातात काहीच उरलं नव्हतं. चिडून मी दोघींच्या बॅगा भरायला घेतल्या.

"माजी पिशवी कशाला भरतेस?" आईने विचारलं.

"परत जायचंय आई."

"तू जा. मी ऱ्हाते हितं. परवा येशील ना ताईला घेऊन?"

"एकटी?"

"मंग? मना काय वाघ खातंय?"

आई सदुसष्ट वर्षांची आहे आणि आजवर एक रात्रही एकटी राहिलेली नाही. सुनीतावहिनींना दहा वेळा बजावून मी शुक्रवारी पहाटे निघाले.

ऑफिसातून आईला नऊ फोन केले. एकही उचलला नाही. शेवटी अकराला वहिनींना लावला. "आजी आत्ता उठल्या," त्या म्हणाल्या. पाचला उठणारी बाई अकराला! ताप आला असणार, असं वाटलं. चारला पुन्हा फोन केला. "आजी फिरायला गेल्यात."

"कुणाबरोबर?"

"एकट्याच."

शनिवारी विसर्जनाची गर्दी व्हायच्या आत ताईला घेऊन निघाले आणि दहाला जव्हार गाठलं. आई ओट्यावर पाय पसरून मक्याचं कणीस खात बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आलात? लवकर आलात."

पुढचे तीन दिवस मात्र ठरवल्यासारखे गेले. दाभोसा धबधबा गावापासून वीसेक किलोमीटर आहे. गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नका, वरूनही छान दिसतो. सनसेट पॉइंटला सूर्य काही दिसला नाही, सगळं ढगात. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी ती आशा सोडावी. शनिवारी रात्री तिघी एकाच खोलीत झोपलो, बाबांच्या गोष्टी निघाल्या, ताई हसता हसता रडली. मला हेच हवं होतं आणि ते मिळालं. सोमवारी परतताना वर्सोवा पुलापाशी तासभर अडकलो, तरी कोणी कुरकुर केली नाही.

घरी चहा टाकला. ताईने विचारलं, "आई, खरं सांग, सगळ्यात जास्त काय आवडलं?"

मला वाटलं धबधबा म्हणेल. नाहीतर शनिवारची रात्र.

"शुक्कुरवार," आई म्हणाली.

"त्या दिवशी तर आम्ही नव्हतोच!" ताई म्हणाली.

"दिसभर मना कोणी 'आई, ह्ये कुठं हाय, त्ये कुठं हाय' इचारलं न्हाय. भूक न्हवती तवा जेवले न्हाय. कोणी का म्हून इचारलं न्हाय."

"आणि माझे फोन?"

"वाजत व्हता. वाजू दिला."

ताई खो खो हसली. मला जमलं नाही. खोटं कशाला सांगू, लागलं मला. बाबा गेल्यापासून आईला मी एक दिवस एकटं सोडलं नाही आणि त्याचा मला अभिमान होता. घरातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या मी जोडून देते. आईलाही सुट्टी हवी असेल, आणि ती माझ्यापासून, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री सुनीतावहिनींना फोन करून हिवाळ्यातली खोली सांगून ठेवली. आई एक दिवस आधी जाणार. ताई आणि मी दुसऱ्या दिवशी पोचू, आदल्या दिवशी आम्हा दोघींना सुट्टी असली तरी.