बेवारस फायली

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीतल्या बाईंना सगळे आत्याच म्हणतात, अगदी मोठे सर्जनसुद्धा. बोलायला फटकळ, पण कामाला वाघ! हृदयाच्या तपासणीची चित्रं कितीतरी यंत्रांच्या डिस्कवर विखुरलेली. कुठलं कुठे आहे ते फक्त नोंद ठेवणाऱ्या नेमसर्व्हरला ठाऊक, आणि त्याची सगळी अक्कल डेटाबेसच्या तक्त्यांत. जुन्या नेमसर्व्हरने मान टाकली, म्हणून आत्या सकाळपासून नवा उभारत होती.

बाहेर बाकावर एक आई लेकीला घेऊन बसली होती. दुपारी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "जन्मल्यावर काढलेलं चित्र पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही," असं सर्जन म्हणाले होते.

आत्याने बॅकअपमधून तक्ते भरले, नेमसर्व्हर चालू केला आणि चहाचा कप उचलला. तोच पहिल्या यंत्राचा दिवा फडफडायला लागला. याला काम कुणी दिलं? आत्याने पडद्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. तक्ते भरले एका डेटाबेसमध्ये आणि नेमसर्व्हरला पत्ता दिला चाचणीच्या कोऱ्या डेटाबेसचा! डिस्कची यंत्रं शिस्तीची. मधूनमधून विचारायची, ही फाइल कुणाची? नेमसर्व्हर म्हणणार, माझ्याकडे असं नावच नाही. मग यंत्र ती बेवारस समजून पुसून टाकणार.

तिने धावत जाऊन नेटवर्कची वायर उपटली. उत्तरच येईना, तेव्हा कुठे यंत्र थांबलं.

"काय झालं आत्या?" सर्जन दारात उभे.

"माती खाल्ली मी. थोडं गप्प उभे राहा, डॉक्टर."

तिने पत्ता सुधारला, तक्ते तपासले, वायर लावली आणि मुलीचं नाव टाकलं. जागा आली: पहिलं यंत्र. पुसत सुटलेलं तेच! त्या आईला आता काय तोंड दाखवायचं? तिला बटण दाबायचा धीर होईना, शेवटी सर्जननीच दाबलं.

चित्र उघडलं. चांगलं हलतं चित्र! अक्रोडाएवढं हृदय, उघडमीट करणारं, धडपडणारं. सर्जन वाकून एकटक बघायला लागले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "हे असं असतं होय आत?" इतकी वर्षं फायली सांभाळल्या, पण एकही उघडून पाहायची वेळ आली नव्हती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरले, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

ऑपरेशन ठरल्या वेळी सुरू झालं. पुसल्या गेलेल्या फायलींच्या प्रती दुसऱ्या इमारतीत होत्या, पण दुपारपर्यंत त्या काही हाती आल्या नसत्या. आत्या त्या परत आणायला बसली, आणि आलेली प्रत्येक फाइल उघडून, त्यातलं हृदय चालताना पाहूनच पुढच्या फायलीला हात घालत राहिली.